'हृदयद्रावक' हा शब्द न वापरता : मुक्ता, जोतीराव आणि यमू

फळ्यापुढची (रविवार, रात्री १०:५०)

मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते, सोळा वर्षं झाली. परवा अकरावीच्या चाळीस वह्या तपासायला घरी आणल्या आणि रात्री एक वाजता रडूच यायचं बाकी राहिलं, म्हणून इथे लिहितेय, मोठं होईल पण वाचा प्लीज.

तीन उतारे दिले होते. पहिला मुक्ता साळवेच्या निबंधातला, म्हणजे 'मांगमहारांच्या दुःखाविषयी', 'ज्ञानोदय' या नियतकालिकात १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन भागात छापून आलेला, लिहिताना ती चौदा वर्षांची होती आणि जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. दुसरा, जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे (सरकारचा शिक्षणविषयक आयोग) ठेवलेलं निवेदन. तिसरा हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीमधला, विधवा झालेल्या यमूचं केशवपन करतात तो भाग. प्रश्न एकच होता की दुःख आणि शिक्षण यांच्याविषयी लिहिताना वाचकाला कसं पटवून दिलंय ते लिहा.

चाळीसपैकी एकतीस वह्यांत पहिलं वाक्य तेच. 'लेखकाने समाजातील दुःखाचे हृदयद्रावक चित्रण केले आहे.' तिन्ही उताऱ्यांना तेच! मुक्ताला पण 'लेखकाने'. पोरांचा दोष नाही, गाईडमध्ये तसंच छापलेलं असतं आणि त्याला मार्कही मिळतात, मीच इतकी वर्षं देत आलेय.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की हृदयद्रावक, मर्मस्पर्शी, वास्तववादी हे तीन शब्द आजपासून बंद. त्याऐवजी तीन गोष्टी शोधा. कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय, आणि ऐकणाऱ्याने उद्या सकाळी उठून नेमकं काय करावं असं बोलणाऱ्याला वाटतंय. एवढंच. आणि मग जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "मॅडम ही मुक्ता सारखी माणसं बदलतेय." मी म्हटलं म्हणजे? तर म्हणे आधी पंडितहो म्हणते, मग देवाला विचारते, आणि शेवटी आपल्याच लोकांकडे वळून बोलते.

सोळा वर्षं मी हा उतारा शिकवतेय आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. खरंच आहे हो. पंडितांना ती सुनावते, तुमचं पोटभरू पांडित्य गुंडाळून बाजूला ठेवा आणि मी सांगते ते ऐका. देवाला विचारते की आमचा धर्म कोणता तो आम्हाला कळव. आणि मांग-महारांना सांगते की तुम्ही आजारी आहात, ज्ञानाचं औषध घ्या. प्रत्येकाशी बोलताना आवाज वेगळा. पंडितांशी जाब विचारण्याचा, देवाशी कळवळ्याचा, आपल्या माणसांशी घरच्यासारखा. तीन वर्षं शाळेत गेलेल्या पोरीला हे कोणी शिकवलं असेल?

पुढच्या आठवड्यात तीन तास मिळालेत याच विषयाला. तुम्ही हे वाचताना काय पाहता ते सांगा, मला मुलांपुढे ठेवायचंय.

जुना_बाजार (रविवार, रात्री ११:३५)

ताई, विषय उत्तम काढलात. एक गोष्ट आधी स्पष्ट करतो मग मुद्द्याचं. जोतीरावांचं हंटर आयोगापुढचं ते भाषण नव्हे, लेखी निवेदन आहे, आणि मूळ इंग्रजीत आहे, १९ ऑक्टोबर १८८२ तारखेचं. आपण वाचतो ते भाषांतर, त्यामुळे मुलांना शब्दसौंदर्य वगैरे शोधायला लावू नका, ते भाषांतरकाराचं असेल. रचना मात्र जोतीरावांचीच आहे आणि ती बघण्यासारखी आहे.

सुरुवात कशी आहे बघा. आयोगाने विचारलं तुम्हाला शिक्षणातला अनुभव काय, तर हा माणूस सांगतो की पुण्यात मुलींसाठी देशी लोकांनी चालवलेली शाळा नव्हती तेव्हा मी ती काढली, आणि त्या शाळेत मी आणि माझी बायको अनेक वर्षं बरोबरीने काम करत होतो. १८८२ सालच्या सरकारी कागदावर 'माझी बायको आणि मी'! आपल्यावर चिखल-शेण फेकलं गेलं, घर सोडावं लागलं, यातलं काही सांगून तो आयोगाला पाझर फोडायला बसत नाही. थेट पैशावर येतो. सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. वरच्यांना शिकवा म्हणजे ते झिरपत झिरपत खालच्यांपर्यंत जाईल, हे सरकारचं धोरण होतं, आणि तो विचारतो की इतक्या वर्षांत किती झिरपलं ते दाखवा.

मग मागण्या. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिक्षक शेतकरी वर्गातले घ्या, वेळ पडली तर नांगराची मूठ नाहीतर सुताराचा वाकस हातात धरायला लाज वाटणार नाही असे. पगार दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात पंधरा ते वीस. शिकवा काय, तर मोडी, बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य. म्हणजे ताई तुमचा तिसरा प्रश्न, उद्या सकाळी उठून काय करावं, त्याचं उत्तर इथे रुपयांत आहे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वयाने पस्तिशीत होतो आणि मला वाटलेलं हे रुक्ष आहे. आता वाटतं की ज्याने एवढं सोसलं त्याने स्वतःच्या सोसण्याबद्दल एक ओळ न लिहिता शिक्षकाचा पगार किती असावा हे लिहिणं, यापेक्षा मोठं काय असतं.

नांगरट (सोमवार, सकाळी ७:१०)

काका एकदम सहमत. मी बार्शीकडचा, शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धा गाजवायचो, जिल्ह्यापर्यंत गेलोय. तेव्हा आम्हाला तयारी करून घेणारे जे होते त्यांनी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवलेली, की तिसऱ्या मिनिटाला आवाज कापला पाहिजे आणि चौथ्याला डोळ्यात पाणी पाहिजे. जोतीरावांवरचं भाषण असलं की सुरुवात ठरलेली, 'विद्येविना मती गेली', एक ओळ म्हणायची, पॉज, आणि टाळ्या.

आता मी स्वतः पोरांची तयारी करून घेतो तर मी आख्खं म्हणायला लावतो. विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले. आख्खं म्हटल्यावर कळतं की ही साखळी आहे, एका ओळीचं शेपूट पुढच्या ओळीचं तोंड होतं, आणि कुठलीच कडी काढता येत नाही. बॅनरवर, भिंतीवर, कॅलेंडरवर बघा, पहिल्या ओळीवरच थांबलेले असतात लोकं. मग ते 'अभ्यास करा रे पोरांनो' एवढंच उरतं. वित्त आणि शूद्र हे दोन शब्द गळाले की सगळा राग गळाला त्यातला. कोण खचलं ते सांगायलाच नको मग.

आणि अजून एक, या ओळी ज्या पुस्तकातल्या ते 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चं, पण त्यातली प्रकरणं जोतीराव आधी ठिकठिकाणी लोकांपुढे वाचून दाखवायचे, पुण्यामुंबईत, जुन्नर, ओतूर, हडपसरला, बडोद्याला सयाजीरावांपुढे सुद्धा. म्हणजे ते कानासाठी लिहिलेलं आहे. म्हणून ती साखळी. ज्याला वाचता येत नाही त्याच्या डोक्यात सहा ओळी घरी जाईपर्यंत टिकल्या पाहिजेत ना. हंटर साहेबाला रुपये आणि ओतूरच्या शेतकऱ्याला साखळी, माणूस एकच, विषय एकच, ऐकणारा बदलला की सगळं बदललं. मॅडम हे दोन शेजारी शेजारी ठेवून बघा वर्गात.

सुरंगी (सोमवार, दुपारी २:२०)

मला थोडं वेगळं म्हणायचंय, रागावू नका कोणी. तुम्ही सगळे हिशेबाच्या बाजूने बोलताय आणि यमू बिचारी मागे पडली.

माझ्या आजीचं सासर दापोलीजवळ. तिच्या लहानपणीची नाही, लग्न होऊन आल्यानंतरची गोष्ट आहे, ती आम्हाला सांगायची. घरात एक आत्या होत्या, आजीच्या सासऱ्यांची बहीण, बाराव्या वर्षी विधवा होऊन घरी आलेल्या, आलवण (विधवेचं लाल लुगडं) नेसायच्या. आजीला वाचता यायचं, चौथीपर्यंत शिकलेली होती, त्यामुळे दुपारी भांडी झाली की माजघरात ती वाचायची आणि बाकीच्या बायका वाती वळत, तांदूळ निवडत ऐकायच्या. असं 'पण लक्षात कोण घेतो?' वाचायला घेतलं, कितीतरी आठवडे चाललं. आत्या माजघरात बसायच्या नाहीत, मागच्या दाराच्या उंबऱ्याशी पाठ करून बसायच्या. कादंबरीतले शंकरमामंजी आले की शिव्या द्यायच्या म्हणे, मोठ्याने. आणि यमूचा नवरा रघुनाथराव तिला वाचायला शिकवतो, पुढे मुंबईचे ते सुखाचे दिवस येतात, तेव्हा आत्या हातातलं सूप खाली ठेवून नुसत्या ऐकत बसायच्या.

केशवपनाचं प्रकरण आलं त्या दिवशी आजी वाचायला कचरत होती. मधेच आत्या उठल्या आणि विहिरीवर गेल्या. आजीने पुस्तक मिटलं. थोड्या वेळाने परत आल्या, हातपाय धुतलेले, त्याच जागी बसल्या आणि म्हणाल्या, "वाच पुढे, थांबलीस का?"

त्यानंतर वर्षभरात माझ्या सगळ्यात मोठ्या आत्याला, म्हणजे आजीच्या मुलीला, गावच्या शाळेतून काढायचं चाललं होतं तर या आत्यांनी दोन दिवस जेवण सोडलं. घरात त्यांना एरवी कोणी विचारायचं नाही. ती मुलगी पुढे ट्रेनिंग कॉलेज करून मास्तरीण झाली. आता मला सांगा, त्या घरात हंटर आयोगाचं निवेदन वाचून काय झालं असतं? आकडे सरकारला पटतात, घराला नाही. घराला यमूच लागते.

नांगरट (सोमवार, दुपारी ३:०५)

सुरंगीताई, अंगावर काटा आला. मी मागे घेतो थोडं. आणि तुमच्या बाजूनेच एक देतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं. इतकं जपून केलेलं बिल की बस्स. सक्ती फक्त सहा ते दहा वर्षांच्या मुलांना, तीही जिथे आधीच बऱ्यापैकी मुलं शाळेत जातात तिथेच, तीही स्थानिक संस्थेला हवी असेल तर, आणि ज्याचं उत्पन्न महिना दहा रुपयांच्या आत त्याला फी माफ. आकड्यांनी भरलेली भाषणं. आणि मार्च १९१२ ला मतदान झालं तर बाजूने तेरा, विरोधात अडतीस.

त्या दिवशीचं त्यांचं भाषण मी पोरांना नेहमी वाचून दाखवतो. दिवस मावळायच्या आत माझं बिल फेटाळलं जाणार हे मला माहीत आहे, माझी तक्रार नाही, असं उभं राहून सांगतात, आणि शेवटाकडे म्हणतात की आमच्या पिढीच्या वाट्याला अपयशातून सेवा करणं आलंय, यशातून सेवा करणारे पुढे येतील. ज्या माणसाच्या थोरल्या भावाने पंधरा रुपये पगारातले आठ रुपये याच्या शिक्षणाला पाठवले, तो उभा राहून बोलतोय, पण त्या आठ रुपयांची गोष्ट तिथे सांगत नाही. सांगायला हवी होती का? मला ठरवता येत नाही. मला वाटतं अडतीस जणांना त्यानेही फरक पडला नसता. त्यातले किती जण पटण्यासाठी बसले होते हाच प्रश्न आहे.

जुना_बाजार (सोमवार, संध्याकाळी ६:४५)

नांगरट, इथे कोल्हापूरची आठवण ठेवायला हवी. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. म्हणजे गोखल्यांचं बिल पडून पाच वर्षं होताहेत तोवर शेजारच्या संस्थानात ते त्याहून कडक रूपात अमलात आलं. पटवून देणं आणि करून टाकणं यात फरक आहे, आणि ज्याच्या हातात सत्ता होती त्याने करून टाकलं. मुलांना हेही कळू दे, सगळी कामं भाषणाने होत नाहीत.

पाचट (सोमवार, रात्री ११:५५)

नमस्कार. मी इथं जास्त लिहीत नाही, वाचते. मी बीड जिल्ह्यातली, आता नर्सिंग करते शेवटच्या वर्षाला. माझे आईवडील ऊसतोड करतात, आता वडलांचं होत नाही म्हणून दोन वर्षं झाली थांबलेत.

फळ्यापुढची मॅडमनी लिहिलं म्हणून मी मुक्ता साळवेचा आख्खा निबंध शोधून वाचला. शाळेत आम्हाला सावित्रीबाईंची शाळा एवढंच होतं, मुक्ताचं नाव एका ओळीत. त्यात एक जागा आहे, आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्पर पण नसतं, थंडी पाऊस वारा याने त्यांना काय होत असेल याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा, असं ती लिहिते. मी तिथं थांबले.

मी ते आईला फोनवर वाचून दाखवलं. माझी धाकटी बहीण कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या आमच्या झोपडीत, झालेली आहे, पौषात, फडापासून अर्ध्या तासावर, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असल्यामुळे आईला गावी जाता आलं नाही, कोयता मोडला असता, म्हणजे जोडीतलं एक माणूस कमी झालं की उचल फिटत नाही. नवव्या महिन्यापर्यंत ती मोळ्या उचलत होती. तिथं सुईण नव्हती, शेजारच्या कोपीतली एक मावशी होती. मी तेव्हा सात वर्षांची होते आणि मला पाणी तापवायला बसवलं होतं, पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, ओलं होतं आणि जाळ धरत नव्हता, धूर धूर झालेला, ते मला अजून दिसतं. त्या वर्षी मी साखरशाळेत (तोडीवाल्यांच्या पोरांची शाळा) जायचे, म्हणजे दुपारपर्यंत, नंतर बहिणीला सांभाळायला घरी.

आई ऐकून गप्प बसली जरा. मग म्हणाली, "आपल्या कोपीला छप्पर व्हतं की, पाचटाचं." मग विचारलं, "किती वर्साची व्हती ही पोरगी?" मी म्हटलं चौदा. तर आई म्हणाली, "मंग तिला लिव्हायला शिकिवलं कुणी?"

मॅडम मला रसग्रहण वगैरे नीट येत नाही. पण 'स्वतःच्या अनुभवावरून करा' हे ती कोणाला म्हणते आहे ते बघा. पंडितांना बाळंतपणाचा अनुभव नसतो. त्यांच्या घरातल्या बायकांना असतो. मला असं वाटलं की ती पंडितांच्या डोक्यावरून, मागं माजघरात बसलेल्या त्यांच्या बायकांशी बोलते आहे. सुरंगीताईंच्या आजीची गोष्ट वाचल्यावर हे मला जास्तच वाटलं.

फळ्यापुढची (मंगळवार, सकाळी ६:३०)

बाळा, पाचट, मी हे सकाळी चहाच्या आधी वाचलं आणि चहा राहून गेला. तुला रसग्रहण येत नाही असं परत म्हणू नकोस. 'डोक्यावरून माजघरात बोलते' हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. तुझी हरकत नसेल तर तुझी पोस्ट नाव न घेता वर्गात वाचू का? माझ्या वर्गात पाच जण आहेत ज्यांचे आईवडील आत्ता तोडीवर आहेत.

पाचट (मंगळवार, सकाळी ७:१५)

वाचा मॅडम. फक्त पोरं बिचारी म्हणून बघायला लागली तर मधेच थांबवा. आईला ते आवडत नाही.

दूरदेशी (मंगळवार, सकाळी ९:४०)

मी न्यू जर्सीत असतो, इथल्या मराठी शाळेत रविवारी मोठ्या मुलांना शिकवतो. इथे जन्मलेल्या मुलांना मुक्ता किंवा जोतीराव समजावून देताना मी फ्रेडरिक डग्लसपासून सुरुवात करतो, कारण ते त्यांना शाळेत असतं. आणि हा काही ओढूनताणून आणलेला संबंध नाही, जोतीरावांनी 'गुलामगिरी' १८७३ साली अमेरिकेत गुलामी मोडून काढणाऱ्या लोकांनाच अर्पण केलेली आहे.

डग्लसच्या १८४५ च्या आत्मकथनात एक प्रसंग आहे. मालकीण त्याला मुळाक्षरं शिकवत असते, मालकाला कळतं आणि तो तिला थांबवतो, म्हणतो की याला वाचायला शिकवलंस तर हा गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. पोरगा तिथेच उभा राहून ऐकतोय. आणि त्याला कळतं की सुटकेचा रस्ता कुठून जातो ते मालकानेच सांगून टाकलं. मग तो खिशात पावाचे तुकडे घेऊन रस्त्यावर जायचा, गोऱ्यांच्या गरीब पोरांना भूक असायची, त्यांना पाव द्यायचा आणि बदल्यात अक्षरं शिकून घ्यायचा.

आता मुक्ताचा निबंध बघा. ती दुसऱ्या बाजीरावाच्या राज्यातलं सांगते की कोणी मांग-महार वाचायला शिकला असं कळलं तर बाजीराव म्हणे, यांना वाचता आलं तर मग काय दफ्तराचं काम यांना द्यायचं आणि ब्राह्मणांनी धोपटी (न्हाव्याची पिशवी) बगलेत मारून विधवांच्या हजामती करत फिरायचं? सेम टू सेम युक्तिवाद आहे. शिक्षण महत्त्वाचं आहे असं इथे ती स्वतः म्हणत नाही, शिक्षण नाकारणाऱ्याच्या तोंडूनच त्याची किंमत काढून घेते. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलेलं असण्याचं कारण नाही, मधे दोन समुद्र आणि दहा वर्षं. माझ्या वर्गातल्या मुली हे ऐकून एकदम सरळ बसल्या होत्या.

जुना_बाजार (मंगळवार, सकाळी ११:२०)

थांबा थांबा. दूरदेशी, तुम्ही जे वाक्य सांगितलंत ते मी पन्नास वेळा वाचलंय आणि त्यातला शेवटचा तुकडा माझ्या नजरेतून कायम निसटला. 'धोपटी बगलेत मारून विधवांच्या हजामती.' ताई, तुमचा तिसरा उतारा कोणता आहे? यमूचं केशवपन!

म्हणजे १८५५ मध्ये मुक्ता जे वाक्य टोमणा म्हणून सांगते त्यात तो वस्तरा आहे, आणि १८९० पासून हरिभाऊ 'करमणूक' साप्ताहिकात जी कादंबरी चालवतात ती त्याच वस्तऱ्यापाशी जाते. मधल्या पस्तीस वर्षांत तो वस्तरा कोणाच्या हातात होता हे कोणी विचारलं? तर विचारलं, त्याच १८९० साली, मुंबईत. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, जोतीरावांचे सहकारी, त्यांनी नाभिकांना एकत्र आणलं आणि त्यांनी ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. ज्यांच्या बगलेत धोपटी होती त्यांनीच ती खाली ठेवली.

मला आता वाटतं की हे तीन उतारे तुम्ही 'दुःख आणि शिक्षण' म्हणून निवडलेत खरे, पण एकाच गोष्टीची तीन तोंडं तुमच्या हाती आलीत. ज्याला वाचू दिलं नाही तो, जिचं डोकं भादरलं ती, आणि ज्याच्याकडून ते काम करवून घेतलं तो. कादंबरीत तिसऱ्याचं तोंड दिसत नाही, तो येतो आणि काम करून जातो. मुक्ताच्या वाक्यातही तो नुसता तुच्छतेने आलाय, तेही बाजीरावाच्या तोंडून. त्याचं म्हणणं शोधायचं तर सभेत शोधावं लागतं.

सुरंगी (मंगळवार, दुपारी १२:१०)

काका, हे वाचून मी आईला फोन केला. आत्यांसाठी न्हावी यायचा तो मागल्या दाराने यायचा आणि मान खाली घालून काम करायचा, एक शब्द बोलायचा नाही, असं आजी सांगायची म्हणे. त्याच्या मुलाने पुढे यायला नकार दिला आणि आमच्या घरून त्याचा बलुत्याचा तांदूळ बंद केला गेला. ही गोष्ट मला आजपर्यंत कोणी सांगितली नव्हती, कारण मी फक्त आत्यांबद्दल विचारत आले.

नांगरट (मंगळवार, दुपारी १:००)

मॅडम याच्यापुढे आपण काय बोलणार. एकच सुचवतो. अण्णाभाऊ साठ्यांचं २ मार्च १९५८ चं भाषण, मुंबईच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन, ते पण घ्या. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही तर दलितांच्या तळहातावर तरली आहे, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण कोण बोलतंय ते विसरतात. जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेला माणूस साहित्यिकांच्या संमेलनाचं उद्घाटन करतोय. आणि शब्द बघा, खांद्यावर नाही, पाठीवर नाही, तळहातावर. तळहात कामाचा असतो. पाठीवर म्हटलं असतं तर ओझं झालं असतं आणि लोकांना कणव आली असती. तळहातावर म्हटलं की कळतं, हात काढून घेतला तर काय होईल.

फळ्यापुढची (शनिवार, रात्री ९:३०)

उशीर झाला लिहायला, तीन तासांचे पाच तास झाले, इंग्रजीच्या मॅडमनी त्यांचे दोन दिले.

पाचटची पोस्ट वाचली. बिचारी म्हणून कोणी बघितलं नाही, कारण वाचून संपायच्या आतच तोडीवाल्या घरातली एक मुलगी उठली आणि वर्गाला कोयता म्हणजे काय आणि उचल कशी फेडतात हे फळ्यावर मांडून दाखवायला लागली. आकडे टाकून. मी मागे जाऊन तिच्या जागेवर बसले. वस्तऱ्याच्या मुद्द्यावर मुलगे जास्त बोलले, मुली गप्प होत्या, मला ते समजलं नाही, पुन्हा विचारणार आहे. सुरंगीताई, तुमच्या आत्यांचं "वाच पुढे" ऐकल्यावर सगळ्यांना ती कादंबरी हवी झालीय, लायब्ररीत एकच प्रत आहे आणि तिची शेवटची पानं नाहीत.

आणि एक मुलगी, वाडीवरून येते, तिने घरी जाऊन अर्ज लिहून आणला. त्यांच्या गावात वाचनालय आहे, पाचला बंद होतं, आणि या मुली गावात पोचतात सव्वापाचला. पहिल्या मसुद्यात होतं, 'आम्ही गरीब व होतकरू विद्यार्थिनी असून आमच्या दुःखाकडे कृपया लक्ष द्यावे.' मी काहीच बोलले नाही, फक्त विचारलं कोणाशी बोलतेस आणि त्यांनी काय करायचं. दुसऱ्या दिवशीचा मसुदा हा, तिच्या परवानगीने टाकतेय:

'वाचनालयाची वेळ सकाळी दहा ते सायंकाळी पाच आहे. गावातून कॉलेजला जाणाऱ्या आम्ही एकोणीस मुली सव्वापाचला गावात पोचतो. त्यामुळे वर्षभरात आमच्यापैकी कोणाचीही सही वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये नाही. मंगळवार व शुक्रवार हे दोन दिवस वाचनालय सात वाजेपर्यंत उघडे ठेवावे. दिवा बंद करून किल्ली सरपंचबाईंच्या घरी पोचवण्याची जबाबदारी आम्ही पाळीपाळीने घेऊ. पाळ्यांची यादी सोबत जोडली आहे.'

खाली एकोणीस सह्या. रजिस्टर बघायला ती स्वतः गेली होती, सुट्टीच्या दिवशी. गुरुवारी अर्ज दिला.

जुना_बाजार (शनिवार, रात्री ९:५०)

पोच घेतली का? तारीख आणि शिक्का आहे ना त्यावर?

फळ्यापुढची (शनिवार, रात्री ९:५२)

आहे काका. झेरॉक्स माझ्याकडे ठेवायला दिलीय तिने.